घर का गेले, हा रकाना कोणत्याच कागदावर नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतील पानांवर बारीक टाइपात छापल्या जाणाऱ्या ताबा नोटिसा आणि लिलाव नोटिसा बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. मी त्या वाचतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मी एकतीस वर्षे कारकून होतो, त्यामुळे त्या जाहिरातींत अधूनमधून एखादे असे नाव निघते की ज्याच्या हजेरीच्या कार्डावर मी रोज शिक्का मारलेला असतो. नोटिशीत कर्जदाराचे नाव असते, जामीनदाराचे असते, गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा असतात, थकीत रक्कम आकड्यांत आणि पुन्हा अक्षरी असते. हा मनुष्य हप्ते भरता भरता का थांबला, हे मात्र तिथे नसते. आणि ते इतर कोणत्या सरकारी वा बँकेच्या कागदावरही नोंदले जात नाही, हे मला फार उशिरा कळले. निवडणुकीच्या सभांत ‘घरे कोणामुळे गेली’ याविषयी जे काही बोलले जाते, ते सगळे या मोकळ्या रकान्याच्या आधाराने बोलले जाते.

प्रथम माझा स्वतःचा वाटा सांगतो. गृहकर्जासाठी लागणारा पगाराचा दाखला आमच्याच टेबलावरून जात असे. धंदा तेजीत असला की मोल्डिंगच्या (साचे करणाऱ्या) आणि फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या) माणसांना ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, मिळे. कित्येक जण महिन्यातले पंधरा दिवस दीड पाळी करीत. अशा वेळी बँकेने मागील तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या मागितल्या की त्यांत ओटीची रक्कमही उतरे. माणूस टेबलापाशी उभा राहून म्हणे, “भाऊसाहेब, ओटी धरूनच लिवा, नाहीतर कर्ज बसत न्हाई.” मी लिहीत असे. त्यात खोटे काही नव्हते, कारण त्या तीन महिन्यांत त्याने तेवढे कमावलेलेच होते. पण वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता तीन महिन्यांच्या ओटीवर बेतला जात आहे, हे मलाही दिसत होते आणि बँकेच्या अधिकाऱ्यालाही दिसत होते. त्या माणसालाही दिसत असावे. पण भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडण्याची घाई त्याला आमच्यापेक्षा अधिक होती.

हिशेब मांडून पाहावा. १५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता १३,०१७ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील १०,६२५ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून जेमतेम २,३९२ रुपये कमी होतात. ज्याचा पगार २० हजार आणि ओटी धरून २८ हजार आहे, त्याला हा हप्ता ओढूनताणून झेपतो. ओटी बंद झाली, की नोकरी शाबूत असतानाही हप्ता जाऊन घरात ७ हजारांच्या आत रक्कम उरते. म्हणजे ज्याला आपण बेकारी म्हणतो, ती येण्याच्या कितीतरी आधीच घराच्या पायाखालची माती सरकू लागलेली असते.

फौंड्रीत काम कमी होण्याचा क्रमही ठरलेला असतो आणि तो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. कोल्हापूरच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव सुट्या भागांचे, मोठे गिऱ्हाईक म्हणजे वाहन उद्योग. तिकडे गाड्यांचा उठाव मंदावला की इकडे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आधी ओटी थांबते. मग ठेकेदाराकडील माणसांना ‘ब्रेक’ दिला जातो. तो तसा एरवीही, सलग नोकरीचा हक्क सांगता येऊ नये यासाठी, २४० दिवस भरू नयेत म्हणून दिला जातच असतो, फक्त या वेळी परत बोलावणे येत नाही. त्यानंतर कायम कामगारांना आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस बसवले जाते. गेटवर कुलूप लागते ते अगदी शेवटी, आणि वर्तमानपत्रात बातमी येते ती त्या कुलपाची. २०१९ साली आम्ही हा क्रम पायरी-पायरीने पाहिला. वाहन बाजारातील मंदी, त्यातच ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर, आणि धंदा सावरतो आहे असे वाटत असतानाच पुढील मार्चमध्ये टाळेबंदी. इचलकरंजीत मागांचे खटके बंद पडतात तेव्हा खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाची गत याहून वेगळी नसते. फरक इतकाच, की तो स्वतःला कामगार म्हणवत नसल्याने बेकारांच्या मोजणीतही येत नाही.

मोजणीवरून एक आठवले. देशातील रोजगाराचे जे नियतकालिक सर्वेक्षण होते, त्याच्या साप्ताहिक निकषानुसार सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले असले, तरी तो मनुष्य ‘रोजगारात’ धरला जातो. वर्षभराच्या निकषाने काढलेला २०१७-१८ सालचा बेरोजगारीचा ६.१ टक्के हा आकडा आणि २०२२-२३ सालचा ३.२ टक्के हा आकडा यांवरून दोन्ही बाजूंनी बरीच भाषणे झाली. आठवड्यातून दोन दिवस पाळी मिळणारा आमचा फेटलिंगवाला यांपैकी कोणत्याही आकड्यात बेकार नव्हता. त्याचा हप्ता मात्र थकलेलाच होता.

काम सुटल्यावर घर जाईपर्यंत मधे बराच काळ जातो, आणि या काळात घरात काय चालते ते नीट पाहिले पाहिजे. पहिले चार-पाच महिने हप्ता चुकत नाही. पीएफ निघतो, भिशी उचलली जाते, बायकोचे गंठण सोनेतारणात जाते. त्यानंतर कामगारांच्या पतसंस्थेचे कर्ज काढून बँकेचा हप्ता भरला जातो, आणि एका घराचे दुखणे चार घरांत जाते ते इथे. पतसंस्थेला जामीनदार लागतात. जामीनदार कोण, तर त्याच खात्यातील, त्याच पाळीतील दोघे. ज्या दिवशी कारखान्यातले ते खाते बंद होते, त्या दिवशी कर्जदार आणि त्याचे दोन्ही जामीनदार एकाच वेळी घरी बसतात. सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो तेव्हा तिघांच्याही नावे निघतो. ज्यांच्यासाठी मी पगाराचे दाखले लिहिले, त्यांपैकी दोघे गेली कित्येक वर्षे एकमेकांच्या घरी जात नाहीत. त्यांच्या मुलांची लग्ने झाली, पण पत्रिका एकमेकांकडे गेली नाही. याचीही नोंद कुठल्या नोटिशीत सापडणार नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. काम सुटलेल्या विमाधारकाला त्याच्या सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के आणि २०२० पासून ५० टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. वर सांगितलेल्या २० हजारवाल्याला महिन्याला सुमारे १० हजार मिळतील, म्हणजे हप्त्यालाही ३ हजार कमी. शिवाय ठेकेदाराने वर्गणीच भरलेली नसेल, तर तेवढेही नाही. योगायोग असा, की बँकेच्या नियमातही नव्वदच दिवस आहेत: हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की कर्जखाते अनुत्पादक, म्हणजे बुडीतात जमा, ठरते. मदत संपण्याची आणि खाते बुडीतात जाण्याची मुदत एकच आहे, हे आजवर एकाही वक्त्याच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

त्यानंतर जो कायदा लागू होतो, त्याला लोक ‘सरफेसी’ म्हणतात. २००२ सालच्या या कायद्यानुसार बँकेला घराचा ताबा घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि ५ मे २०२० रोजी ‘आहे’ असा निकाल लागला. ते प्रकरण आपल्याच कागल तालुक्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे होते. सगळे जण टाळेबंदीत घरात असताना हा निकाल आला, म्हणूनच की काय, जिल्ह्यात त्याची चर्चा झाली नाही.

कायद्याची चाल अशी आहे. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. थकलेले असतात तीन हप्ते, म्हणजे ३९ हजारांच्या आसपास. नोटीस मागते सगळे कर्ज, १४-१५ लाख, एकरकमी. कर्जदाराने लेखी म्हणणे मांडले, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. मग प्रतीकात्मक ताबा, म्हणजे दारावर नोटीस चिकटवणे आणि दोन वर्तमानपत्रांत ती छापणे, त्यांतील एक स्थानिक भाषेतले. (ती मराठी कोण लिहिते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) मग १४ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, तहसीलदार आणि पोलीस येतात, प्रत्यक्ष ताबा जातो आणि ३० दिवसांच्या नोटिशीनंतर लिलाव पुकारला जातो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. दाद मागायची तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याला पुण्याला. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात आले, त्याचा आनंद या शहराने मनापासून केला. परंतु घर वाचवण्याचा पहिला अर्ज घेऊन आजही पुण्याचीच एसटी धरावी लागते.

आता एक घर सांगतो, ओळख पटेल असे काही न सांगता. पाचगावच्या बाजूला दीड गुंठ्यावर बांधलेले, स्लॅब पडलेला आणि बाहेरून गिलावा व्हायचा राहिलेला. घरमालक आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यांचे गाभे बनवणाऱ्या खात्यात, होता. दोन दिवाळ्यांपूर्वी त्याचे काम सुटले. बँकेच्या माणसाने ताबा नोटीस दोन्ही फळ्यांच्या मधोमध, कडीवरून आडवी चिकटवली होती. कडी सरकवायची तर नोटीस फाटणार, आणि फाडली तर गुन्हा होईल असे जाताना तो बजावून गेला होता. त्या घरातील माणसे जवळपास महिनाभर मागच्या दाराने, मोरीच्या बाजूने ये-जा करीत होती. मी गेलो तेव्हा पुढच्या उंबऱ्यावर ताजी रांगोळी होती आणि चपलांची रांग मागच्या दारात होती. ते पाहून मी काही बोललो नाही, निदान तेव्हा तरी नाही.

पुढारी त्या दारात आले ते लिलावाची जाहिरात आल्यावर. आधी एका बाजूचे आले, दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूचे. दोघांनीही नोटिशीपुढे उभे राहून फोटो काढले, बँकेला निवेदन दिले आणि लिलाव ‘होऊ देणार नाही’ असे सांगितले. लिलाव एकदा पुढे ढकलला गेलाही. तेवढ्या दिवसांचे व्याज अर्थातच खात्यावर चढले. कायद्याने घर सोडवण्याचे दार ज्या दिवशी बंद केले, नेमके त्या दिवसानंतर या मंडळींच्या गाड्या गल्लीत शिरल्या. आधीचे ६० दिवस, ज्यांत लेखी म्हणणे देऊन कर्जाची पुनर्रचना, म्हणजे झेपेल असा हप्ता बांधून, मागता आली असती, त्या दिवसांत कोणीही फिरकले नव्हते. त्यात दुष्टपणा आहे, असे मला वाटत नाही. मागणी नोटीस पाकिटातून येते आणि लिलावाची नोटीस पेपरात येते; पुढाऱ्याला पेपरातलीच दिसते.

आरोपांचे म्हणाल, तर त्यांत काळाचा मोठाच घोळ असतो. काम सुटण्याची तारीख आणि लिलावाची तारीख यांत सहज दीड-दोन वर्षे जातात. एवढ्यात सरकार बदलते, निदान आघाडी तरी बदलते. मग लिलावाच्या दिवशी जो सत्तेवर असेल त्याच्यावर खापर फुटते, आणि तो आपल्या आधीच्याकडे बोट दाखवतो. एक जण नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी काढतो, दुसरा टाळेबंदी काढतो. तिसरा म्हणतो की विजेच्या दरामुळे कारखाने कर्नाटकात चालले, आणि चौथा सगळा राग उत्तर भारतातून आलेल्या कामगारांवर काढतो. सत्तेच्या बाजूचे लोक सभेत नाही, पण खासगीत म्हणतात, “ऐपत नसताना घर घ्यायला सांगितलं कुणी?” यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत अप्रामाणिक वाटतो, कारण ऐपतीचा दाखला मी दिला होता, तो बँकेने तपासला होता आणि पंतप्रधान आवास योजनेची व्याज सवलत २०१५ पासून सगळ्यांनीच फलकांवर मिरवली होती. बाकीच्या आरोपांत थोडेबहुत तथ्य असेलही. पण पाचगावच्या त्या घराला यांतले नेमके काय लागू होते, हे सांगायला कोणाकडे कागद आहे?

टाळेबंदीतील हप्ते-स्थगितीचेही असेच झाले. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. ‘हप्ते माफ’ अशी हवा आपल्याकडे झाली, आणि व्याज चालूच राहिले हे कळल्यावर तेच लोक फसवले गेल्याचे बोलू लागले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्या काळातील व्याजावरचे व्याज रद्द केले, पण मूळ व्याज माफ करण्यास नकार दिला. मुदतवाढ आणि माफी यांतला फरक त्या वेळी फलक लावणाऱ्यांपैकी कोणी सांगितला असता, तर काही घरांनी सप्टेंबरपासूनची तयारी वेगळी केली असती.

कारण नोंदलेले नसले की वाद कसा भरकटतो, याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथे डिसेंबर २००७ मध्ये ५ टक्के असलेली बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली. सुरुवातीला घरे गेली ती ज्यांना कर्ज द्यायलाच नको होते अशांची. नंतरच्या लाटेत मात्र वर्षानुवर्षे नियमित हप्ते भरणारे, पण नोकरी गेलेले लोक होते. राजकीय भांडण पहिल्याच लाटेवर अडकून राहिले. एक पक्ष म्हणे, गरीब वस्त्यांत कर्ज द्यायला लावणारा १९७७ चा कायदा आणि सरकारी आशीर्वादाच्या दोन गृहवित्त कंपन्या दोषी. दुसरा म्हणे, मोकाट सुटलेल्या बँका दोषी. त्या आर्थिक संकटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या दहा जणांच्या आयोगाने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला, तोही पक्षाच्या रेषेवर फाटला: सहा जण एकीकडे, चौघे विरोधात, आणि त्या चौघांतला एक स्वतंत्र मत लिहून मोकळा. एवढा साधनसंपन्न देश तिथे अडला, तर आपण गल्लीतल्या सभेत बिनचूक निदान करू, अशी अपेक्षा कशी धरावी?

वसुलीच होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. सहकारी बँकेतील ठेवी याच कामगारांच्या आणि त्यांच्या विधवांच्या आहेत. ठेव परत मिळेल की नाही या धास्तीने बँकेच्या पायऱ्यांवर रांग लावून उभे राहिलेले म्हातारे मी पाहिले आहेत. माझी मागणी लहान आहे. १४ व्या कलमाखालच्या अर्जासोबत बँकेला नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यांत कर्जाची रक्कम आहे, तारण आहे, थकबाकी आहे, नोटीस दिल्याची ग्वाही आहे. कर्जदार काय काम करीत होता आणि ते केव्हा सुटले, यावर एक ओळही नाही. केंद्राचा कायदा बदलणे आपल्या हाती नाही. परंतु जिल्ह्यातील बँकांच्या आढाव्याच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला होतात, अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडिया त्यांची व्यवस्था पाहते आणि आढावा समितीला खासदार-आमदारांना निमंत्रण असते. त्या बैठकीत प्रत्येक बँकेकडून तालुकावार एवढेच मागवावे: गृहकर्जाच्या किती खात्यांना मागणी नोटीस गेली, कर्जदाराचा व्यवसाय कोणता, काम सुटले असल्यास कोणत्या महिन्यात. नावे नकोत, पत्ते नकोत. दोन वर्षांत कोणत्या वसाहतीतील कोणत्या महिन्याच्या कामकपातीमुळे किती घरे पणाला लागली, हे दिसू लागेल. मग ज्याला ज्याच्यावर आरोप करायचा असेल त्याने तारखेनिशी करावा.

आणि ज्या नगरसेवकांना व होऊ इच्छिणाऱ्यांना खरोखर मदत करायची आहे, त्यांनी लिलावाच्या दिवशी मोर्चा आणण्याऐवजी आपल्या संपर्क कार्यालयात एक टेबल टाकावे आणि मागणी नोटीस आलेल्या माणसाला त्या ६० दिवसांत लेखी म्हणणे लिहून द्यावे. काम कधी सुटले, आज मिळकत किती, हप्ता किती झेपेल, असे चार परिच्छेद पुरतात. सगळ्या प्रकरणात घर का चालले आहे हे कर्जदाराच्या शब्दांत कागदावर येण्याची ही एकच जागा कायद्याने ठेवली आहे, आणि मी चौकशी केलेल्या सात घरांपैकी एकानेही ती वापरलेली नव्हती. पाचगावच्या त्या गृहस्थाला मी विचारले, तर तो म्हणाला, “उत्तर द्यायचं असतंय व्हय? मला वाटलं, फकस्त सही करून घ्यायची.”

असे टेबल कोणी टाकणार असेल, तर तिथे बसून लिहून देण्यास मी तयार आहे. दाखले लिहिण्याची सवय हाताला आहेच. जिल्हास्तरीय बैठकीची पुढील तारीख विचारण्यासाठी येत्या सोमवारी मी जाणार आहे. ती कळली तर आपल्यालाही कळवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून, कोल्हापूर
(नाव व पत्ता केवळ संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)